सात मिनिटं उशिरा येणारा तारा

१ फेब्रुवारी, शनिवार

तारा सात मिनिटं उशिरा!

मागच्या खेपेलाही सातच. त्याआधी साडेसहा. गाडी असती तर एव्हाना मी संबंधितांकडून लेखी खुलासा मागवला असता. इथे मागवायचा कुणाकडून?

वही नवी आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. नंतर माझं मलाच कळायचं नाही. चौतीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रक कार्यालयात गाड्यांचे आलेख काढले. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. एकाच रुळावरच्या दोन रेघा भलत्या जागी छेदल्या की समजायचं — इथे टक्कर. माझ्या कागदावर चौतीस वर्षांत एकही टक्कर नाही. मग संगणक आला, तो रेघा आपल्या आपण काढू लागला, आणि आठ महिन्यांपूर्वी मला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. तेही दोन मिनिटं पुढे.

मुलीनं तिचा जुना लॅपटॉप दिला. "बाबा, यात काहीतरी बघत बसा." बसलो बघत. त्यात एक भांडारच सापडलं. जगभरची हौशी माणसं रात्र-रात्र जागून ताऱ्यांचा उजेड मोजतात आणि तारीख-वेळेसकट नोंदी टाकून देतात — कुणीही घ्या! मी नऊला झोपतो. सकाळी उठून त्यांच्या जागरणाचे आलेख काढतो.

त्यातला एक तारा धरला. तो एक नाही, दोन आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. दर दोन दिवस वीस तास एकोणतीस मिनिटांनी अंधुक तारा उजळ ताऱ्याच्या पुढे येतो, उजेड एकदम खाली जातो, थोड्या वेळानं पुन्हा वर. मी याला 'थांबा' म्हणतो. पुढचा थांबा केव्हा, याचं जाणकारांनी केलेलं वेळापत्रकही तिथेच आहे. वेळापत्रकातली वेळ आणि खरी वेळ शेजारी-शेजारी मांडायची, एवढंच माझं काम. आणि सात मिनिटांचा फरक येतो.

ही ड्यूटीवरून आली तेव्हा सांगितलं. म्हणाली, "सात मिनिटं? आमच्याकडे पहिलटकरणी सात-सात तास उशीर करतात, कुणी वही काढत नाही." ही प्रसूती विभागाची मुख्य सिस्टर. तिच्याकडे वेळेवर कुणी येतच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

हिला पत्र आलंय. रात्रभर प्रवास करावा लागेल एवढ्या लांबच्या एका लहान गावात नर्सिंगची नवी शाळा निघते आहे. दोन वर्षं प्रमुख म्हणून या, राहायला दोन खोल्या देऊ. उत्तर महिनाअखेरपर्यंत कळवा. हिच्या निवृत्तीला नेमकी दोनच वर्षं राहिली आहेत. बत्तीस वर्षं ही उभ्याउभ्याच काम करत आली, कुणीतरी पहिल्यांदाच खुर्ची देऊ करतंय.

पत्र माझ्यापुढे ठेवलं. "तुम्ही येणार असाल तर हो म्हणते. एकटी नाही जायची मी. इतकी वर्षं तुमच्या गाड्यांपायी एकटीच जेवले, आता पुरे."

मी म्हटलं, "बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

नंतर भांडी जरा जोरातच मांडणीवर लागत होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

या शास्त्रज्ञांना आलेख शिकवला कुणी? तारा जितका उजळ, तितका त्याचा अंक लहान! अंक वाढला की उजेड कमी! मी सरळ माणसासारखा मोठा अंक वर धरून तासभर आलेख काढला, तर ऐन ग्रहणात तारा लखलखतोय. मग डोक्यात प्रकाश पडला — हे डब्यांच्या वर्गासारखं आहे. पहिला वर्ग भारी, तिसरा वर्ग साधा. हे कळल्यावर राग गेला. कागद उलटा करून पुन्हा काढला.

हिनं विचारलं, "काय ठरलं तुमचं?"

"अंक उलटे असतात," मी म्हटलं.

"दिसतंयच," म्हणाली आणि निघून गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

जमलं! जमलं! जमलं!

अडचण अशी होती की ताऱ्याचा अख्खा थांबा कुणा एकाला सापडत नाही. कुणाकडे ढग येतात, कुणाकडे उजाडतं, कुणाला झोप लागत असेल. प्रत्येकाची नोंद म्हणजे एक तुकडा. यंत्रावर सगळे तुकडे एका पडद्यावर टाकले तर नुसता चिवडा झाल्यासारखं दिसलं. म्हणून माझ्या पद्धतीनं केलं. एकेक तुकडा वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर, एकाच मापात. मग बाहेरच्या खोलीच्या खिडकीच्या काचेवर कागदावर कागद चिकटवले, फेरीची वेळ जुळवून. चाळीस कागद! दहा वाजता ऊन आलं आणि काचेवर एक दरी उभी राहिली. सरळ पठार, मग उतार, तळ, पुन्हा चढ. चाळीस अनोळखी माणसं, एकानंही दुसऱ्याला पाहिलेलं नाही, आणि सगळ्यांचं मिळून ताऱ्याचं एक ग्रहण माझ्या खिडकीत. मी खुर्ची ओढून अर्धा तास नुसता बघत बसलो. ऑफिसात असं कधी झालं नव्हतं.

दुपारी ही आली. "खिडकी उघडायची आहे."

"आठ दिवस थांब."

थांबली. उलट स्टूल घेऊन शेजारी बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "आमचाही आलेख असतो. बाई कळा द्यायला लागली की दर तासाला ठिपका द्यायचा. त्या कागदावर दोन तिरप्या रेघा छापलेल्याच असतात. पहिली ओलांडली की डोळ्यांत तेल घालून बसायचं. दुसरी ओलांडली की बसायचं नाही, हातपाय हलवायचे. तुमच्या कागदावर ती दुसरी रेघ कुठंय?"

"आमच्यात नसते."

"तेच म्हणते मी."

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज हिनं विषय काढला नाही. सुटलो!

८ फेब्रुवारी, शनिवार

आजही नाही. उलट बाहेरच्या खोलीला नवे निळे पडदे घेऊन आली. मी म्हटलं, खिडकीवर तर माझे कागद आहेत. म्हणाली, "निघतील तेव्हा लावू. घाई नाही." घाई नाही! हिच्या तोंडी हे शब्द! मी जाऊन हिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मोठ्या कामाला हात घातला आहे. एका थांब्याचा उशीर बघून काय होतंय? गाडी एकदा उशिरा आली तर अपघात, रोज आली तर दुखणं. आठ वर्षांच्या नोंदी उतरवून घेतल्या. सहाशे बारा! ऑफिसातून येताना आलेखाच्या कागदाची एक गुंडाळी आणली होती (टाकूनच देणार होते), ती सोडवून भिंतीवर लावली. आडव्या रेघेवर फेरी क्रमांक — एक, दोन, तीन, हजारापर्यंत. उभ्या रेघेवर उशीर, मिनिटांत. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आडवी तारीख घ्या ना, सगळे तारीखच घेतात." मी म्हटलं, "गाडी तारखेनं ओळखतात की क्रमांकानं?" चौतीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हाच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट आलं तर आलं.

उशीर वाढत जातो, वाढत जातो, मग कमी होतो, शून्य होतो — आणि तारा लवकर येऊ लागतो! आठ मिनिटं लवकर! चौतीस वर्षांत एक गाडी आठ मिनिटं लवकर आलेली मी पाहिली नाही. मग पुन्हा हळूहळू उशीर. डोंगर, दरी, डोंगर, दरी. बरोबर एकशे अठ्ठावीस फेऱ्यांनी लाट पुन्हा मूळपदावर. कागदावर एकूण आठ डोंगर, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

वाचनालयातून आणलेलं ताऱ्यांवरचं पुस्तक उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलंय — जोडीच्या वेळा अशा लाटेसारख्या मागेपुढे होत असतील तर समजावं की तिथे तिसरा कुणीतरी आहे. तो दिसत नाही. पण त्याच्या ओढीनं ही जोडी कधी आपल्या जवळ येते, कधी लांब जाते, आणि उजेडाला आपल्यापर्यंत पोचायला तेवढा कमी-जास्त वेळ लागतो.

तिसरा! आणि त्याची नोंद कुठेच नाही. तीन याद्या पाहिल्या.

हिला उठवलं. दुपारची झोपली होती, रात्रपाळी होती. डोळे चोळत आली, अख्खी भिंत पाहिली आणि म्हणाली, "छान आहे हो." मनापासून म्हणाली. मग माझ्याकडे बघतच राहिली. मी विचारलं, काय झालं? "काही नाही," म्हणाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गावात एक आकाशप्रेमी मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दाढ दाखवायच्या निमित्तानं गेलो आणि तोंडात आरसा असतानाच तिसऱ्या ताऱ्याचं सांगितलं. त्यांनी आरसा काढून पुन्हा सांगायला लावलं. मग खुर्चीवरून उठवलं, हात हातात घेतला. तेवीस तारखेला रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, शाळेच्या प्रयोगशाळेत माझं व्याख्यान! दाढेचे पैसेही घेतले नाहीत. दाढ तशीच आहे.

जाताना विचारलं, "दुर्बिणीतून कसा दिसतो तुमचा तारा?"

"मी पाहिला नाही."

"एकदाही नाही?"

"गाड्या तरी मी कुठे पाहिल्या? कागदावर चालवल्या."

घरी सांगितलं तर ही म्हणते, "उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस पाहिला होता, इथे उंटही नाही."

१५ फेब्रुवारी, शनिवार

आपत्ती! कामाच्या बाईंनी भिंत पुसताना चार ठिपके पुसले. "मला वाटलं माश्यांनी घाण केली." आलेख आता कपाटामागून निघून फ्रिजवरून वळसा घेत दारापर्यंत येतो, त्यामुळे झाडलोट करणाऱ्याचे हाल आहेत हे मान्य. ठिपके पुन्हा दिले.

बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "डोंगर काढलेत तर शेंडे का नाही काढले? ते मी नाही पुसले हं, आधीच सांगते."

हे खरं आहे. प्रत्येक डोंगराच्या माथ्यावर दहा-पंधरा फेऱ्यांची नोंदच नाही. उशीर सर्वांत जास्त व्हायचा ऐन मोका, आणि जगभरचे हौशी एकदम सुट्टीवर! दर खेपेला! यालाच मी बेशिस्त म्हणतो. माथे मी अंदाजानं लाल पेन्सिलीनं जोडून टाकले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मुलीचा फोन. "आईला काय उत्तर दिलंत?"

"आईनं विचारायचं सोडलंय."

"सोडलंय म्हणजे?" तिचा आवाज चढला. "बाबा, तिनं एखादी गोष्ट विचारायची सोडली तर बरं वाटून घ्यायचं नसतं."

अठ्ठावीसपर्यंत वेळ आहे, म्हटलं. फोन ठेवला. पण दिवसभर ते वाक्य माशीसारखं कानाशी.

इथे दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकतो. मला तिकडे जायची भीती वाटते. तारा हे निमित्त आहे. आकाश तिकडेही हेच, लॅपटॉप काखेत मारून नेता येतो, हे मला कळत नाही का? पण इथे गल्लीत मला 'टाइमटेबल' म्हणतात. मी दुधाला निघालो की दुकानदार शटर वर करतो. निवृत्त झालेला माणूस आधीच अर्धा पुसलेला असतो. तिकडे ओळखीचं काळं कुत्रंही नाही. ही सकाळी रुबाबात शाळेवर जाणार, मुली उभ्या राहून नमस्कार करणार, आणि मी? पिशवी घेऊन भाजीला. लाज वाटते लिहायला, पण आहे हे असं आहे.

म्हणून ठरवलंय. आधी तिसरा तारा. तो माझ्या नावावर लागू दे. मग मीही कुणीतरी म्हणून जाईन, नुसतं सामानाबरोबर नाही. तेवीसचं व्याख्यान झालं की हिला सांगायचं — येतो. चार दिवसांचा तर प्रश्न!

२२ फेब्रुवारी, शनिवार

शर्टाला इस्त्री. आलेखाला नाही, गुंडाळी मुद्दाम सैल ठेवली आहे. ही म्हणाली, उद्या ड्यूटी बदलून घेतली, मीही येते. माझ्या ऑफिसात ही एकदाही आली नव्हती. खरं तर मीच कधी बोलावलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको?

लिहितो. एकोणीस माणसं आली होती. पडद्यावर दाखवायचं यंत्र चित्र उलटं पाडत होतं, म्हणून गुंडाळीच सोडली. ती प्रयोगशाळेला वळसा घालून पुरून उरली. धरायला माणसं कमी पडली, मग श्रोतेच उभे केले, डोंगरापाशी एकेक. पाचव्या डोंगराखाली ही. मी छडी घेऊन चालत चालत समजावत गेलो, आणि खोटं कशाला बोलू, फार छान बोललो. दातांचे डॉक्टर तर पहिला डोंगर दोन्ही हातांनी असा धरून उभे होते, जसं काही तो त्यांनीच बसवलाय.

"आणि म्हणून," मी म्हटलं, "दर एकशे अठ्ठावीस फेऱ्यांनी जोडीला फिरवून आणणारा एक तिसरा तिथे आहे!"

टाळ्या. हिनं मात्र वाजवल्या नाहीत, हातात डोंगर होता. ती ओठ हलवत होती. प्रसूतीच्या तारखा काढताना हलवते तशी. मग म्हणाली, "अहो, एकशे अठ्ठावीस फेऱ्या म्हणजे दिवस किती?"

"मी दिवस मोजत नाही. फेऱ्या मोजतो."

"थांबा हं. फेरीला तीन दिवस धरू. झाले तीनशे चौऱ्याऐंशी. प्रत्येक फेरीत साडेतीन तास जास्तीचे धरले, ते वजा केले पाहिजेत. साधारण... पावणेएकोणीस दिवस." आणि मग, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा वॉर्डातल्या आवाजात, "अगं बाई! तीनशे पासष्ट! अहो, हे तर वर्ष झालं!"

मग डॉक्टरांच्या हातून पहिला डोंगर सुटला.

"काका," ते अगदी हळू म्हणाले, दाढ काढायची आहे हे सांगताना बोलतात तसं, "तिसरा आहे. नक्की आहे. पण तिथे नाही. आपण त्याच्यावरच उभे आहोत."

एक जण फिस्सकन हसला आणि मग सगळेच. आठ डोंगर हलत होते.

डॉक्टरांनी फळ्यावर सूर्य काढला, भोवती पृथ्वीचा फेरा. पृथ्वी कधी ताऱ्याच्या बाजूला असते, कधी सूर्याच्या पलीकडच्या अंगाला. तिकडून उजेडाला आठ मिनिटं जास्त लागतात, अलीकडे असलो की आठ मिनिटं कमी. वेळापत्रक सूर्यावर उभं राहून पाहिल्यासारखं केलेलं असतं. आणि डोंगराच्या माथ्यावर नोंदी नाहीत कारण तेव्हा तारा सूर्याच्या मागे असतो, कुणालाच दिसत नाही. सुट्टीवर कुणी गेलं नव्हतं.

गाडी वेळेवर होती. फलाट फिरत होता.

बसमधून परत येताना गुंडाळी मांडीवर. ही म्हणाली, "मला गप्प बसता आलं असतं हो. सवय लागली आहे मोजायची. चुकलंच माझं."

"तुझं काही चुकलं नाही. काखेत कळसा आणि मी आठ डोंगर हिंडून आलो."

तिनं हसू दाबलं. मला दिसलं ते. पण मला हसू आलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुधाला गेलो नाही. दुकानदारानं शटर उशिरा उघडलं म्हणे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वेळापत्रकाचं पान पुन्हा उघडलं. खाली, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात तळटीप — "सर्व वेळा सूर्याच्या ठिकाणाहून. पृथ्वीवरील निरीक्षकांनी दुरुस्ती करावी."

तळटीप! चौतीस वर्षं मी स्वतःच्या हातानं तळटिपा लिहिल्या. 'ही गाडी रविवारी धावणार नाही.' आणि रविवारी पिशव्या घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांना मी काय काय म्हणालो आहे! त्या सगळ्यांची आज मनोमन माफी मागितली. आणि तारीख आडवी घेतली असती तर आठ वर्षं, आठ डोंगर, शेंबड्या पोरानं सांगितलं असतं. मुलीला फोन करून तेही कबूल केलं. ती इतकी हसली की शेवटी मीही हसलो. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग बसून दुरुस्ती केली. सहाशे बारा ठिपके, एकेकाला, दिवसभर. डोंगर खाली आले, दऱ्या वर आल्या. संध्याकाळपर्यंत सगळे ठिपके एका सरळ रेघेवर. आठ वर्षांत हा तारा मिनिटभरसुद्धा चुकलेला नाही. असली सेवा मी जन्मात पाहिली नाही.

जुना आलेख फाडायला घेतला आणि हात थांबला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मला तिसरीपासून पाठ. पण पाहिलं होतं कुणी? हे मी माझ्या हातानं, शिसपेन्सिलीनं, लोकांच्या जागरणातून काढलं होतं — आपण सगळे कसे आठ वेळा फिरून आलो ते. हे घर, दुकानदार, दातांचे डॉक्टर, ही, बाई, सगळे. मला तर वाटत होतं मी आठ महिने एकाच खुर्चीत बसलोय. म्हाताऱ्या माणसाला असल्या कारणानं रडू येणं बरं दिसत नाही, म्हणून तोंड धुऊन आलो.

गुंडाळी जपून ठेवली आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा तारा काही मिळाला नाही. म्हणजे कुणीतरी म्हणून जायचा बेत बारगळला. दोन दिवस स्वतःला विचारतोय, मग आता? आणि उत्तर इतकं सोपं आहे की महिनाभर कुठे दडलं होतं कळत नाही. पिशवी घेऊन भाजीला गेलो म्हणून काय बिघडतं? हिनं बत्तीस वर्षं भाजी आणली, ती काही पुसली गेली नाही.

संध्याकाळी खिडकीवरचे चाळीसही कागद सोडवले, क्रमानं बांधले. लॅपटॉपची पिशवी शोधून ठेवली. हिनं विचारलं, "पडदे लावायचे का मग?" मी म्हटलं, "उद्या सांगतो."

उद्या अठ्ठावीस. एक दिवस हातात ठेवून सांगणारच होतो, पण शेवटच्या दिवशी सांगण्यात मजा आहे. तोंड बघायचंय तिचं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चहाच्या वेळी सांगितलं. "मी येतो. आज शेवटची तारीख आहे, हो म्हणून कळव."

हिनं कप खाली ठेवला. "मी सहा तारखेलाच नाही म्हणून कळवलंय."

सहा!

"पाच तारखेला तुम्ही न्हाणीघरात शीळ घालत होतात. इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. म्हटलं, राहू दे, हे मोडायला नको."

मी उठून पत्र काढलं. पत्रावरचा नंबर मीच लावला. पलीकडून बाईंचा आवाज, "कोण बोलतंय?" जन्मभर हुद्दा सांगत आलो. आज म्हटलं, "तुमच्याकडे यायला नाही म्हणाल्या ना, त्या सिस्टरचे मिस्टर. चूक माझी होती, त्यांची नाही. जागा भरली का?"

"थांबा, बघून सांगते."

थांबलोय. डाव्या हातानं फोन कानाला, उजव्यानं हे लिहितोय. ही दारात उभी आहे. ड्यूटीला उशीर होतोय तिला, तरी हलत नाही.